दिवस भरलेत, कळांचा पत्ता नाही: होणाऱ्या बाबांचे नेहमीचे प्रश्न

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत अजून टिकून आहे. त्यामुळे नवरा पुण्यात, बायको चिपळूणला आणि मधे कुंभार्ली घाट, हा प्रकार मी स्वतः काढलाय. तेव्हापासून ओळखीत कुणाच्या घरी नववा महिना लागला की फोन येतो आणि प्रश्न साधारण हेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. मी डॉक्टर नाही. आमच्या मॅडमनी आणि सिस्टरांनी समजावलेलं आणि नंतर वाचून पडताळलेलं एवढंच इथे आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

डॉक्टरांनी तारीख दिलीय. बाळ त्याच दिवशी येणार ना?

बहुतेक नाही. नेमक्या दिलेल्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरून त्यात २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मिळवले की ती तारीख निघते. जुना तोंडी हिशेब नऊ महिने आणि वर सात दिवस. पाळी दर २८ दिवसांनी येते असं त्यात गृहीत धरलेलं असतं, आणि सगळ्यांचं शरीर तसं चालत नाही.

३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून ४२ आठवड्यांपर्यंत कधीही कळा सुरू होऊ शकतात. म्हणून ऑफिसात आणि नातेवाइकांत आकडा सांगूच नका. "सप्टेंबरच्या मध्यावर कधीतरी" एवढंच सांगा. आकडा दिला की त्या दिवशी सकाळी सातपासून फोन वाजायला लागतो.

शेवटच्या सोनोग्राफीत वेगळीच तारीख छापून आलीय. कुठली खरी?

पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीनं पक्की केलेली. शेवटच्या महिन्यातलं मशीन बाळाचं डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजतं आणि त्यावरून तारीख काढतं. बाळ अंगानं बारीक असेल तर तारीख पुढे जाते, थोराड असेल तर अलीकडे येते. बाळाची वाढ कशी आहे हे त्यातून कळतं, दिवस मात्र बदलत नाहीत. फाइलच्या पहिल्या पानावर मॅडमनी पेनानं लिहिलेली तारीख धरून चाला.

रिपोर्टमध्ये "नाळेचा एक वेढा मानेभोवती" असं लिहिलंय. रात्रभर झोप नाही.

चार-पाच बाळांत एकाच्या मानेभोवती असा वेढा असतो आणि बहुतेक वेळा काहीही होत नाही. बाळ पोटात नाकानं श्वास घेत नाही, त्याला प्राणवायू नाळेतून मिळतो, त्यामुळे गळा आवळला जाण्याची आपली कल्पना तिथे लागू पडत नाही. फक्त वेढा आहे म्हणून कुणी सीझर करा म्हणत असेल तर कारण नीट विचारा. कळांच्या वेळी बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतात, अडचण असेल तर ती तिथे दिसते.

पाणी कमी झाल्याची गोष्ट वेगळी. दिवस भरत आले की गर्भजल थोडं कमी होतंच, पण रिपोर्टमधला त्याचा आकडा (एएफआय) पाचच्या खाली असेल तर डॉक्टर थांबत नाहीत. तिथे "नारळपाणी देऊन बघू" असं घरी ठरवत बसू नका.

तारीख उलटून गेली. आता किती थांबायचं?

सगळं ठीक असेल तर साधारण ४१ आठवड्यांपर्यंत थांबतात, तोवर तपासणीला वरचेवर बोलावतात. बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतात, पाणी बघतात. ४१ पूर्ण झाले की कळा आणायचा सल्ला बहुतेक ठिकाणी मिळतो, कारण ४२ च्या पुढे बाळाला धोका वाढतो. बीपी किंवा शुगर असेल तर आधीच.

कळा आणणं म्हणजे जेल लावणं, सलाईनमधून औषध देणं, काही ठिकाणी छोटा फुगा घालून गर्भपिशवीचं तोंड उघडायला मदत करणं. पहिलटकरणीला यात एक दिवस सहज जातो, कधी त्याहून जास्त. सकाळी दहाला जेल लावलं आणि दुपारी चारला पेढे, असं धरून कुणाला कळवू नका.

खऱ्या कळा कशा ओळखायच्या?

याच प्रश्नासाठी फोन रात्री दोनला येतात.

खोट्या कळा आठव्या महिन्यापासूनही येतात. पोट दगडासारखं घट्ट होतं, सैल पडतं, मग तासभर काही नाही. उठून चाललं, कूस बदलली, पाणी प्यायलं की त्या विरतात. खऱ्या कळा विरत नाहीत. बहुतेकींना त्या कंबरेतून निघून पुढे ओटीपोटात उतरतात, हळूहळू जवळ येतात, लांबतात आणि जोर धरतात. कळ चालू असताना तिला वाक्य पुरं करता येत नसेल तर ती कळ खरी, असं आमच्या सिस्टर सांगायच्या. मला मोबाइलमधल्या कुठल्याही अ‍ॅपपेक्षा ही खूण जास्त पटते.

वेळ मोजायची तर एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत. पुष्कळ जण पहिली संपल्यापासून मोजतात आणि सगळं गणित चुकतं. साधा कागद घ्या. एका रकान्यात कळ सुरू झाल्याची वेळ, दुसऱ्यात ती किती सेकंद टिकली. कळा पाच-पाच मिनिटांवर, प्रत्येक मिनिटभराची आणि असं तासभर चाललं, की पहिल्या बाळंतपणात निघायची वेळ झाली. दवाखाना लांब असेल किंवा हे दुसरं बाळंतपण असेल तर एवढंही थांबायचं नाही. दुसऱ्या खेपेला सगळं भराभर होतं.

एक-दोन दिवस आधी रक्ताची छटा असलेला चिकट स्राव जाऊ शकतो. ती पिशवीचं तोंड मऊ पडत असल्याची खूण. त्यानंतर कळा त्याच रात्री येतील किंवा चार दिवसांनीही येतील. दवाखान्यातून "अजून एकच बोट उघडलंय, घरी जा" म्हणून परत पाठवलं तर ओशाळू नका. तसं रोजच कुणाला तरी पाठवतात.

कळांची वाट न बघता कधी निघायचं?

हे पाठ असू द्या, तिलाच नाही, तुम्हालाही. पाणी गेलं, मग कळा असोत नसोत. किती वाजता गेलं आणि रंग कसा होता ते लक्षात ठेवा. हिरवट असेल तर बाळानं पोटातच शी केलेली असते, ते फोनवरच सांगा. पाळीसारखा लाल रक्तस्राव. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणं. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमचम, एकदम चेहरा सुजणं, ही बीपी वाढल्याची लक्षणं असू शकतात. झटका. ताप. आणि पोट सतत दुखतंय, मधे सैलच पडत नाही असं होणं.

हालचालीबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे, की शेवटी जागा कमी होते म्हणून बाळ शांत होतं. हालचालीचा प्रकार बदलतो, ढुशांच्या जागी लोळल्यासारखं वाटतं, पण हालचाल कमी व्हायला नको. शंका आली तर जेवून डाव्या कुशीवर पडायला सांगा आणि मोजा. दोन तासांत दहा जाणवल्या नाहीत तर निघा. आणि आज नेहमीसारखं वाटत नाही असं ती स्वतःच म्हणाली तर मोजणीलाही थांबू नका.

मी पुण्यात, ती माहेरी. मी नेमकं कधी निघू?

३८ आठवडे पूर्ण झाले आणि सुट्टी किंवा घरून काम करायची सोय असेल तर आधीच जाऊन राहा. ते जमत नसेल तर पाण्याचा किंवा नियमित कळांचा पहिला फोन आला की निघा, "बघू थोडा वेळ" म्हणू नका. पहिलटकरणीला कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत बहुधा बारा तास किंवा जास्त लागतात, त्यामुळे पुणे-चिपळूण प्रवास बहुतेक वेळा वेळेत होतो. पण भरवसा कळांचा नाही तसा रस्त्याचाही नाही. उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली उतरायचा, की ताम्हिणीतून माणगावला जाऊन मुंबई-गोवा हायवे धरायचा, हे पावसाळ्यात त्या दिवशीच्या दरडी ठरवतात. कुंभार्ली बंद असेल तर दुसरा रस्ता कुठला, हे आधी ठरवून ठेवा. मुंबईहून जाणाऱ्यांना परशुराम घाटाचा अनुभव असेलच. तारीख गणपतीच्या आसपास असेल तर हायवेची आशा सोडा. कोकण रेल्वेचं तिकीट तर त्याआधी कधीच संपलेलं असतं.

रात्री एकट्यानं गाडी हाणू नका. मित्राला आधी विचारून ठेवा, तो दोन आठवडे फोन उशाशी ठेवून झोपेल. मित्र नसेल तर ओळखीचा ड्रायव्हर.

तिच्या बाजूचीही तयारी हवी. दवाखान्यात नेणार कोण, गाडी कोणाची, ती बंद पडली तर रिक्षा कोणाची. कुठलंच वाहन नसेल तर १०८, किंवा गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात न्यायला १०२. जुलै-ऑगस्टची तारीख आणि चिपळूणसारखं गाव असेल तर दवाखाना नदीच्या कुठल्या अंगाला आहे तेही बघा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत घुसलं होतं हे तिथला कुणीच विसरलेला नाही. आमच्या सासूबाई मुसळधार पाऊस लागला की पोरीच्या पोटाकडे आणि खिडकीकडे आळीपाळीनं बघायच्या.

सुट्टी कधी टाकू?

केंद्र सरकारी नोकराला पितृत्व रजा १५ दिवस मिळते, बाळंतपणाच्या आधी १५ दिवसांपासून नंतर सहा महिन्यांपर्यंत कधीही घेता येते. खासगी नोकरीत असा कायदाच नाही, कंपनी देईल ते. म्हणून आधीच्या वाट बघण्यात रजा जाळू नका. खरी गरज ती दवाखान्यातून घरी आल्यावर असते. शक्य असेल तर सासुरवाडीहून लॅपटॉपवर काम करा आणि साहेबांना स्पष्ट सांगून ठेवा की एक दिवस मीटिंगच्या मधूनच उठून जाईन.

बॅगेत काय काय?

तिच्या आणि बाळाच्या कपड्यांची काळजी आई आणि सासूबाई करतात. दुपटी, झबली, टोपडी, लंगोट, जुन्या सुती साडीचे मऊ तुकडे धुऊन वाळवून कधीच तयार असतात. त्यात नाक खुपसू नका. तुमचं खातं कागदपत्रांचं आहे. डॉक्टरांची फाइल, सगळे सोनोग्राफी रिपोर्ट, रक्तगटाचा रिपोर्ट, माता-बाल संरक्षण कार्ड, दोघांची आधार कार्डं, विमा असेल तर त्याचं कार्ड. विमा कॅशलेस असेल तर त्या दवाखान्यात चालतो का आणि बाळंतपणासाठीचा प्रतीक्षा काळ संपलाय का, हे आजच विचारा. डिपॉझिट किती आणि रात्री कार्ड चालतं की रोखच लागतात, हेही. तालुक्याच्या गावी रात्री तीनला नेट गेलं की यूपीआय राम म्हणतं.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर दोन गोष्टी. तालुक्याच्या ठिकाणी निगेटिव्ह रक्त पटकन मिळत नाही, म्हणून तसे दाते आधीच शोधून ठेवा. आणि ती निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह असेल तर तिला बाळंतपणानंतर ७२ तासांत अँटी-डीचं इंजेक्शन मिळायला हवं. डॉक्टर विसरत नाहीत, पण तुम्ही विचारलंत तर कुणी रागवत नाही.

तुमच्यासाठी चार्जर, लांब वायरचा. चादर, बिस्किटं, एक जादा शर्ट. नवऱ्यासाठी बहुतेक दवाखान्यांत लोखंडी बाक असतो आणि त्यावर अंग टाकलं की चादरीची किंमत कळते.

लवकर व्हावं म्हणून घरगुती काही?

एरंडेल नको. त्यानं जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं आणि ऐन वेळी अशक्तपणा येतो. दुधात तूप घालून पाजलं की बाळ घसरत येतं हे आजीचं म्हणणं प्रेमाचं आहे, पण तूप पोटात जातं आणि गर्भाशयाची वाट वेगळी. चमचाभर खाऊ द्या, वाटीभर नको. चालणं चांगलं, दमेपर्यंत जिने चढवणं नाही. खजूर चालतो, शुगर नसेल तर. जवळिकीबद्दल विचारायला सगळे लाजतात. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, वार (प्लॅसेंटा) खाली नसेल आणि पाणी गेलेलं नसेल तर अपाय नाही, मात्र तिची इच्छा असेल तर.

"काय, झालं का?" या फोनांचं काय करू?

तिचा फोन तुमच्या ताब्यात घेऊ नका, पण तिच्याकडे येणारे प्रश्न तुमच्याकडे वळवा. सगळ्यांना एकच निरोप टाका: "झालं की मीच कळवेन, तोवर फोन नको." एवढं लिहूनही आत्या फोन करणारच. त्या एका फोनला गोड बोला. तारीख उलटलेल्या बाईला "अजून नाही?" हे दिवसातून दहादा ऐकावं लागणं फार जाचक असतं, जणू तीच अडवून बसलीय. शिवाय प्रत्येकाकडे कुणाच्या तरी नणंदेची भयंकर कथा तयार असते. ती दारातच अडवायची.

"मुलगा की मुलगी, काही कळलं का?" यालाही उत्तर तुम्हीच द्या. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये यावर कायदा केला, देशाचा १९९४ चा आहे, पाटी प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर लागलेली असते, तरी लोक विचारतात.

सासुरवाडीत बसून बसून अवघडायला होतं.

होणारच. जावई आला म्हणून रोज ताटात गोड, आणि ज्या कामासाठी आलात ते तर होत नाही. दुसऱ्या दिवसापासून कामं मागून घ्या. बाजार, गॅस, तिला संध्याकाळी चालवून आणणं, सासऱ्यांच्या गोळ्या. आणि एक करू नका. तुमची आई फोनवर एक सांगते, तिची आई घरात दुसरं. त्याचा निकाल बायकोसमोर लावायला जाऊ नका.

मला आत जाता येईल का?

आधी विचारा, ऐनवेळी नाही. खासगी दवाखान्यांत डॉक्टरांवर अवलंबून. काही जण नवऱ्याला बोलावतात, काही दारावरच थांबवतात. सरकारी दवाखान्यात सोबतिणीला परवानगी असते, म्हणजे घरातली बाळंतपण झालेली बाई, कारण लेबर रूममध्ये शेजारच्या खाटेवर दुसरी कुणी असते. तेव्हा आत आई जाईल, तुम्ही बाहेर. त्यात मानापमान नको.

आत गेलो तर करायचं काय?

कळ आली की कंबरेवर तळव्यानं दाबून धरा. किती जोरात ते तीच सांगेल. दोन कळांच्या मधे पाण्याचा घोट, डॉक्टरांची हरकत नसेल तर. दर दोन तासांनी लघवीला जायची आठवण, भरलेलं मूत्राशय बाळाची वाट अडवतं. "झालंच, थोडंच राहिलंय" हे सिस्टरांना म्हणू द्या. ती ओरडली, तुम्हाला शिव्या घातल्या, हात झटकला, तरी तिथेच उभे राहा. व्हिडिओ नको. गरगरायला लागलं तर निमूट खाली बसा. सिस्टरांना त्या वेळी दुसरा पेशंट नको असतो.

अचानक सीझर म्हणाले तर?

विचारा: आत्ताच्या आत्ता करायचंय की थोडा वेळ आहे? बाळाचे ठोके कसे आहेत? थांबलो तर काय होऊ शकतं? ठोके घसरत असतील तर उत्तर मिळेपर्यंत स्ट्रेचर हललेलं असेल आणि ते बरोबरच आहे. कागदावर सही तुमची मागतात, पण सज्ञान बाईची संमती तिची स्वतःची असते. शक्य असेल तर कागद तिला वाचून दाखवा. बहुतेक वेळा कंबरेखालचीच भूल असते, ती जागी असते.

मुहूर्त गाठायला सीझर मागणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. अमावास्येला जन्मलेली कितीतरी माणसं खाऊनपिऊन सुखी आहेत.

खर्च झेपणार नाही असं वाटतंय.

सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली, म्हणजे २०११ पासून, बाळंतपण फुकट आहे. सीझर, औषधं, तपासण्या, रक्त, दवाखान्यातलं जेवण आणि घरी सोडणारी गाडीसुद्धा. तुमच्या आशाताईंना भेटा, त्यांना सगळं माहीत असतं.

मलाच भीती वाटते. कुणाला सांगू?

बायकोला सांगा, पण रात्री बारानंतर नाही. किंवा नुकताच बाप झालेल्या मित्राला. या दिवसांत बापाला कुणी "तू जेवलास का" पलीकडे विचारत नाही. झोप लागत नाही, छोट्या आवाजानं दचकायला होतं, बँकेतली शिल्लक पुन्हा पुन्हा बघावीशी वाटते. हे सगळ्यांचं होतं. मिळेल तेव्हा झोपून घ्या. पुढे ती चैन नाही.

बाळ झालं. पहिल्या दिवशी माझं काम काय?

पहिल्या तासात बाळ छातीशी आणि चीक पोटात. मध, घुटी, साखरपाणी घेऊन कुणी बोट पुढे केलं तर अडवायचं काम तुमचं, कारण तिच्यात तेव्हा भांडायची ताकद नसते. बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हिपॅटायटिस बीची लस (ही २४ तासांत) दिल्याची नोंद कार्डावर झाली का ते बघा.

मग जन्माची नोंद. ती २१ दिवसांत आणि जन्म झाला त्या गावी होते. राहता पुण्यात पण बाळ चिपळूणला झालं तर दाखला चिपळूण नगर परिषदेचा. दवाखाना माहिती पाठवतो, पण तो फॉर्म बहुधा एखाद्या दमलेल्या सिस्टरनं घाईत भरलेला असतो. पाठवण्याआधी मागून घ्या आणि आईचं नाव, तुमचं आडनाव, पत्ता एकेक अक्षर आधार कार्डाशी लावून बघा, मराठीतलं आणि इंग्रजीतलं दोन्ही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागतो. बाळाचं नाव ठरलं नसेल तर ती जागा कोरी सोडा, बारशानंतर घालता येतं. वर्षभरात घातलं तर फीही लागत नाही.